लावणे आणि जगवणे

पगाराचा कागद हाती आला की आपण मध्यमवर्गीय माणसे प्रथम तळची रक्कम पाहतो, आणि ती कधीच मनासारखी नसल्यामुळे मग मधल्या कपाती वाचू लागतो. भविष्यनिर्वाह निधी आपलाच आपल्याला परत मिळायचा असतो, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. प्राप्तिकराचे दुःख जुने आहे आणि जुन्या दुखण्यासारखी त्याची सवय होऊन गेलेली आहे. या दोहोंच्या मध्ये अंग चोरून बसलेली आणखी एक बारीकशी कपात असते. तिचे नाव व्यवसाय कर. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. सर्वांत लहान महिन्याला सर्वांत मोठी कपात का, हे कोडे पुष्कळांना पडते. पण त्याचे उत्तर सोपे आहे. राज्यघटनेने या कराला वर्षाकाठी २५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. अकरा महिने दोनशे घेतल्यावर जे तीनशे उरतात ते फेब्रुवारीच्या गळ्यात पडतात, इतकेच.

हा कर मुळात कशासाठी बसवला, असे मी एकदा आमच्या कॉलेजातल्या शिक्षकांच्या खोलीत विचारून पाहिले. एकाने सांगितले, ‘आपण व्यवसाय करतो म्हणून.’ दुसऱ्याने सांगितले, ‘आपण तक्रार करीत नाही म्हणून.’ दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु खरे उत्तर त्याहून पुष्कळ मोलाचे आहे, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर ते वाचकांनी ऐकून घ्यावे अशी माझी विनंती आहे.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. ज्यांनी तो जाणत्या वयात पाहिला त्यांना मिलो आणि सुकडी हे शब्द अजून आठवतात. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर राबत होती. त्याच्या काही वर्षे आधी विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग करून पाहिला होता. जो काम मागेल त्याला काम द्यायचे, आणि ते काम जमिनीच्या व पाण्याच्या उपयोगी पडेल असे असावे, हे त्या प्रयोगाचे सार. दुष्काळाने तो प्रयोग राज्यभर नेला. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पगारदार आणि व्यापारी मंडळींकडून जेवढा कर येईल तेवढीच भर सरकारने आपल्या पदरची घालायची, आणि त्या पैशातून बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते आणि झाडे अशी कामे काढायची, अशी ती मांडणी होती. पंख्याखाली बसून काम करणाऱ्याने उन्हात काम करणाऱ्याची मजुरी भरावी, इतका सरळ व्यवहार आपल्या सार्वजनिक जीवनात फार थोडा झाला असेल. पुढे २००५ साली केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्या पाठीशी महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

त्या काळी हरितगृह वायू हा शब्द कोणाच्याही तोंडी नव्हता. माणूस उपाशी मरू नये आणि माती वाहून जाऊ नये, एवढाच साधा हेतू होता. आता तीच कामे एका निराळ्या वहीत मांडली जाऊ लागली आहेत.

या हरितगृह शब्दाबद्दल मराठीचा शिक्षक म्हणून माझी एक बारीकशी तक्रार आहे. हरितगृह म्हटले की तळेगावकडच्या गुलाबांच्या शेडी डोळ्यांसमोर उभ्या राहतात, आणि हा काहीतरी सुखाचा मामला असावा असे वाटते. वस्तुतः उन्हात काचा लावून उभी केलेली मोटार डोळ्यांसमोर आणावी. ऊन काचेतून सहज आत येते, पण आतली ऊब बाहेर पडत नाही, आणि दुपारी दार उघडणाऱ्याला भट्टीचा अनुभव येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड पृथ्वीभोवती बसून साधारण याच प्रकारचा उपद्व्याप करतो. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की हा वायू हवेत जातो. झाड वाढते तेव्हा तो हवेतून ओढून घेऊन आपल्या लाकडात बंद करून ठेवते. पालापाचोळा कुजून त्यातला काही भाग मातीत मुरतो. झाड तोडून जाळले, माती उघडी पडून तिचा कस गेला, की ठेव मोडली. म्हणजे जंगल, कुरण, खाडीकाठचा चिखल आणि शेताचा बांध ही सगळी एक प्रकारची बँकच आहे म्हणायची.

या बँकेवर आपल्या देशाने मोठी भिस्त ठेवली आहे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या वेळी भारताने जगाला जी वचने दिली त्यांतले एक असे, की २०३० पर्यंत जादा जंगले आणि झाडे वाढवून आम्ही २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड मावेल एवढी नवी साठवण करू. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या रोजगार हमीच्या कामांचा हिशोब मांडला, तेव्हा २०१७-१८ या एका वर्षापुरती ही साठवण सुमारे १० कोटी टनांची निघाली. पागे यांना भाकरीची चिंता होती. तिच्या पोटी हवेचाही लाभ झाला.

आता आपल्याला समजेल असा, घरगुती हिशोब करून पाहू. पूर्ण वाळल्यावर १०० किलो लाकूड भरेल असे एक झाड घ्या. वाळल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा भाग कार्बनचा असतो, म्हणजे ५० किलो. एक किलो कार्बन साठवायला झाडाला हवेतला साडेतीन किलोंहून थोडा अधिक वायू ओढावा लागतो. तेव्हा त्या झाडाच्या नावे सुमारे १८० किलो वायू जमा झाला. उलट बाजूला, आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरीने पाऊण किलोच्या आसपास वायू हवेत सोडला जातो. म्हणजे झाडाने वर्षानुवर्षे जमवलेली ती पुंजी २४० युनिटांत संपली. उन्हाळ्यात एका मध्यम कुटुंबाच्या एका महिन्याच्या बिलावर एवढी युनिटे सहज दिसतात. घरात वातानुकूलन यंत्र असेल तर महिनाही पुरत नाही.

या हिशोबातून दोन गोष्टी ध्यानात येतात. झाडे लावून कोळशाचे पाप धुऊन निघते, अशी समजूत कोणी करून घेऊ नये, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची. जुलै महिन्यात आपण जे रोप लावतो त्यात करंगळीएवढी काडी आणि चार पाने असतात. त्या दिवशी या बँकेत त्याची किंमत जवळजवळ काहीच नसते. जी काही किंमत आहे ती त्याच्या पुढच्या पंधरा-वीस वर्षांची आहे. ते तेवढी वर्षे उभे राहिले तर जमा. पहिल्याच वैशाखात वाळले तर खड्डा खणण्याची मजुरी तेवढी खर्ची पडली.

असे असताना आपला सार्वजनिक पैसा कोठून येतो आणि कोणत्या दिवसावर खर्च होतो, हे पाहण्यासारखे आहे. पैसाच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. व्यवसाय कराची धार सांगितलीच. दुसरी धार कोळशाची. २०१० साली केंद्र सरकारने कोळशावर दर टनामागे ५० रुपये उपकर बसवला. तो वाढत वाढत २०१६ साली ४०० रुपयांवर गेला. घाण करणाऱ्या इंधनाने स्वच्छ ऊर्जेच्या निधीला पैसा द्यावा, ही कल्पना उत्तमच होती. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात या उपकरातून सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले. त्यांतले त्या निधीपर्यंत पोहोचले ते सुमारे साडेएकोणतीस हजार कोटी, आणि प्रकल्पांना प्रत्यक्ष मिळाले ते सुमारे १६ हजार कोटी. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा या उपकराची वाट राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकर स्वतंत्रपणे उरलाही नाही. मूळ कराचा दर वाढवून त्यातच तो मिसळून टाकण्यात आला. राज्यांना भरपाई देणे हे काही वाईट काम नव्हे. परंतु दानपेटीवर नाव एका देवाचे आणि नैवेद्य दुसऱ्याला, असे झाले म्हणजे पहिल्या देवाचा भक्त थोडा हिरमुसतो.

तिसरी धार जंगलांच्या भरपाईची. खाण, धरण, रस्ता यांसाठी वनजमीन घ्यायची असेल तर घेणाऱ्याने तिच्या बदल्यात दुसरीकडे झाडे वाढवण्यासाठी पैसे भरायचे, असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ सालच्या आदेशानंतर हा पैसा स्वतंत्रपणे जमू लागला. त्याच्या विनियोगाचा कायदा २०१६ साली झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम राज्यांच्या हवाली करण्यात आली. महाराष्ट्राच्या वाट्याला ३८०० कोटींहून थोडे अधिक आले. झाडे तुटली ती एकेका दिवसात; त्यांच्या बदल्यात लावायच्या झाडांचा पैसा हाती यायला मात्र एक तप उलटून गेले. निधी या शब्दाचा संस्कृतातला मूळ अर्थ ठेवून दिलेले, पुरून ठेवलेले धन असा आहे. आमच्या सरकारी भाषेने तो कधी कधी फारच शब्दशः घेतला आहे असे वाटते.

बरे, हा पैसा बाहेर निघाला म्हणजे तो कसा खर्च होतो? आपण तो बहुतांशी लावण्यावर खर्च करतो. महाराष्ट्रात २०१६ च्या १ जुलैला २ कोटी रोपांचा संकल्प होता. २०१७ साली तो ४ कोटींचा झाला, २०१८ साली १३ कोटींचा आणि २०१९ साली ३३ कोटींचा. संकल्प करणाऱ्यांच्या उत्साहाला मी नावे ठेवीत नाही. शाळांतली मुले, बँकांतले कर्मचारी, गृहिणी, भजनी मंडळे अशी किती माणसे त्या निमित्ताने कुदळ हातात घेऊन गेली! पण या मालिकेतला प्रत्येक आकडा लावण्याचा आहे. तो आपल्याला तोंडपाठ असतो, कारण तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो. त्यांतली किती जगली याचा आकडा तितका तोंडपाठ नसतो.

आपली भाषासुद्धा या बाबतीत पक्षपाती झाली आहे. वृक्षारोपण हा शब्द निमंत्रणपत्रिकेवर ठळक अक्षरांत असतो. वृक्षसंगोपन हा शब्द अहवालाच्या तळाशी, पुष्कळदा ‘इत्यादी’च्या शेजारी बसलेला आढळतो. आरोप आणि आरोपण हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्यावर चढवणे, ठेवणे, असा त्यांचा अर्थ. खड्ड्यात रोप ठेवून आपण फोटो काढून परत आलो, तर त्या जमिनीवर आपण झाडाचा नुसता आरोपच केलेला असतो. तो सिद्ध करायचे काम पुढे कोणीतरी करायचे राहते.

घरचा दाखला द्यायचा तर हे बारशासारखे आहे. बारशाला आपण हौसेने खर्च करतो, घुगऱ्या वाटतो, पाळणा फुलांनी सजवतो, आत्याबाईंना साडी घेतो. पण म्हणून दुसऱ्या दिवसापासून दुधाचे पैसे बंद करून, पुढच्या वर्षी त्याच पाळण्यात दुसरे मूल घालून पुन्हा बारसे करीत नाही. माझ्या माहितीतल्या एका टेकडीवर मात्र हा प्रकार चालतो. तिथे दर पावसाळ्यात समारंभ होतो आणि खड्डे नव्याने खणावे लागत नाहीत, कारण गेल्या वर्षीचे रिकामेच असतात.

रोप मरते कशाने, यात गूढ काही नाही. आषाढात लावलेल्या रोपाची खरी परीक्षा माघापासून सुरू होते. दिवाळीपर्यंत जमिनीतली ओल त्याला सांभाळते. मग गवत वाळते, आणि त्याबरोबर वणव्याचे भय येते. हिरवे काही उरले नाही म्हणजे शेळ्यामेंढ्यांना ते एकटे रोप दुरून दिसते. एप्रिल-मे महिन्यांत त्याला आठवड्यातून एखाद-दुसरी घागर पाणी हवे असते. पहिले दोन-तीन उन्हाळे असे काढले, मुळे खाली ओलाव्यापर्यंत गेली, की मग ते आपले आपण जगते. म्हणजे खर्च कशाचा? पाणी घालणाऱ्या माणसाचा, काटेरी कुंपणाचा, वणवा पुढे सरकू नये म्हणून हिवाळ्यात काढायच्या जाळरेषेचा आणि राखणदाराचा. यांतल्या एकाही कामाच्या वेळी फीत कापता येत नाही.

त्यात सरकारी वर्षाची एक मौज आहे. ते ३१ मार्चला संपते. मंजूर रक्कम त्या तारखेपर्यंत खर्च झाली नाही तर परत जाते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये खर्चाची धांदल उडते. नव्या वर्षाचे अनुदान मंजूर होऊन, जिल्ह्याला पोहोचून, तिथून तालुक्याला उतरेपर्यंत काही आठवडे जातात. नेमके ते आठवडे एप्रिल-मेचे असतात. पंचांगाचे आणि अंदाजपत्रकाचे असे वैर असल्यावर मधल्या मध्ये रोपाचा बळी जातो. यात कोणा एका माणसाचा दुष्टपणा नाही. फाइल रोज आपल्या नियमाने चालत असते. रोपाला फक्त तिच्यासाठी थांबता येत नाही.

इथे मला सर्वांत जास्त वाईट वाटते ते आणखी एका गोष्टीचे. गावात कामाची मागणी सर्वांत जास्त असते ती याच दिवसांत. पेरणीला अवकाश असतो, शेतात काही नसते, घरात धान्य संपत आलेले असते. म्हणजे ज्या महिन्यात झाडाला पाणी घालणारा हात हवा असतो त्याच महिन्यात तो हात रिकामा असतो. या दोघांची गाठ घालून द्यायची म्हणूनच रोजगार हमी जन्माला आली. दोन उन्हाळे पन्नास-शंभर झाडांची निगा राखण्याचे काम एखाद्या बाईला हक्काने मिळाले, तर तिच्या चुलीची आणि झाडाची अशा दोन्ही काळज्या मिटतात. शहरातल्या पगारदाराने भरलेल्या पैशाचे याहून चांगले चीज मला तरी दिसत नाही.

हे नुसते मनोराज्य नव्हे. जगण्याला पैसे देण्याची रीत आपल्याच राज्यात चालून दाखवली गेली आहे. १९९० साली रोजगार हमीशी फळबागांची जोड घातली गेली. कोकणात आंबा-काजूची कलमे लागली, कोरडवाहू मुलखात बोर, डाळिंब, सीताफळ लागले. २०१८ साली राज्याने आणलेल्या फळबाग योजनेत तर अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी देण्याचे ठरले. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा हप्ता मिळायचा तर ठरावीक प्रमाणात झाडे जिवंत असली पाहिजेत. मेली असतील तर शेतकऱ्याने स्वखर्चाने नवी लावायची. मग शेतकरी काय करतो? दुपारच्या उन्हात खांद्यावर घागर घेऊन जातो. झाड त्याचे आहे, आणि पैसाही झाडाच्या जिवाशी बांधलेला आहे.

दुसरा दाखला समुद्रकाठचा. मुंबईच्या खाड्यांतली तिवरे आणि चिपी ही आपल्याला चिखलातली झुडपे वाटत. पण त्यांच्या मुळांखालच्या चिखलात हवा शिरत नाही, त्यामुळे तिथे गाडला गेलेला पालापाचोळा फार सावकाश कुजतो आणि त्यातला कार्बन दीर्घकाळ अडकून राहतो. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीवर बंदी घातली. २०१२ साली वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. पहारा बसला, हद्दी आखल्या गेल्या, भराव घालणाऱ्यांवर गुन्हे दाखल होऊ लागले. राष्ट्रीय वन अहवालात २०१३ साली महाराष्ट्रातली कांदळवने १८६ चौरस किलोमीटर दिसत होती. २०१९ च्या अहवालात ती ३२० झाली. उपग्रहाची नजर अधिक तीक्ष्ण झाल्याचाही यात काही वाटा आहे, हे कबूल. तरीसुद्धा राखले तर खाडी पुष्कळसे आपले आपण भरून काढते, हे त्यातून दिसते. राखणदाराचा पगार हाही वृक्षलागवडीचाच खर्च होय, असे मानायला आपण शिकले पाहिजे.

शेतातला आंबा शेतकऱ्याचा आणि खाडी सरकारच्या पहाऱ्यातली. मग गावच्या सामाईक डोंगराला धनी कोण, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दिले आहे. १९८९ साली पोपटराव पवार तिथे सरपंच झाले. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आले. रोजगार हमीचा आणि इतर योजनांचा पैसा तिथे आला तसा तो इतर गावांतही जात होता. फरक असा, की हिवरे बाजारने त्याबरोबर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतःवर लादून घेतली. गुरे डोंगरावर सोडायची नाहीत, गवत मात्र विळ्याने कापून न्यावे, हा त्यांचा करार. पैसा सरकारचा, राखण गावाची. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तिथेही गोष्ट तीच. धनीपण आले की राखण आपोआप येते.

याची जाण आपल्या जुन्या राज्यकर्त्यांना नव्हती असे नव्हे. एम.ए.च्या वर्गात रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र शिकवताना मी एका मजकुरापाशी नेहमी थोडा अधिक वेळ थांबतो. अठराव्या शतकाच्या आरंभीचे हे लिखाण. आरमाराच्या गलबतांना लाकूड हवे, आणि आंबा-फणसाचे लाकूडही त्या कामी चांगले. तरी रयतेच्या या झाडांना हात लावू देऊ नये, असे तिथे बजावले आहे. कारण दिले आहे ते असे, की ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती मुलांसारखी सांभाळून वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झालेले झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. राज्याला आरमाराची निकड असतानाही झाडाची किंमत त्यामागच्या वर्षांत मोजणारी ही दृष्टी आहे. आपल्या अंदाजपत्रकाला ती अजून यायची आहे.

एक इशारा मात्र द्यायला हवा. पैसा झाडांवर आला म्हणजे मोकळी दिसेल ती जमीन झाडांनी भरून टाकण्याचा मोह होतो. सोलापूरकडचे माळरान आपल्याला ओसाड वाटते. पण ते धनगराच्या मेंढ्यांचे पोट आहे, माळढोकासारख्या पक्ष्याचे घर आहे, आणि त्याच्या गवताच्या मुळांनी मातीत कार्बनही धरून ठेवलेला असतो. तिथे चर खणून परदेशी झाडांच्या रांगा उभ्या करणे म्हणजे एका गरिबाचे ताट ओढून दुसऱ्या वहीत जमा दाखवणे होय. कुरणाला पैसा द्यायचा तर तो गवत राखायला द्यावा.

आता वाचक म्हणतील, हे सगळे खरे, पण आम्ही दोन खोल्यांत राहणारी माणसे यात काय करणार? निधी आमच्या हातात नाही, डोंगर आमच्या मालकीचा नाही. एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे, आणि ती म्हणजे प्रश्न. जो पैसा भरतो त्याला हिशोब विचारण्याचा अधिकार असतो, आणि आजवर आपण तो चुकीच्या आकड्याबद्दल विचारीत आलो. किती लावली, असे आपण विचारले म्हणून आपल्याला लावल्याचे आकडे मिळाले. तीन वर्षांपूर्वीच्या रोपांपैकी यंदाच्या जूनमध्ये किती उभी आहेत, असे नगरसेवकाला, आमदाराला, मुलांच्या शाळेला, आपल्या कचेरीतल्या उत्साही मंडळाला विचारू लागलो, तर हळूहळू तो आकडाही ठेवावा लागेल. आकडा ठेवायचा म्हटले की त्यासाठी माणूस नेमावा लागेल, माणूस नेमला की त्याला मेमध्ये मजुरी द्यावी लागेल, आणि मजुरी द्यायची तर पैसा ३१ मार्चनंतरही त्या झाडाच्या नावावर शिल्लक ठेवावा लागेल.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला कोणी रोप लावायला बोलावले तर अवश्य जा, मुलांनाही घेऊन जा. चहा आणि वडा झाल्यावर संयोजकांना बाजूला घेऊन विचारा, ‘एप्रिलात याला पाणी कोण घालणार?’ उत्तरादाखल एखाद्या माणसाचे नाव आणि त्याच्या मजुरीची रक्कम ऐकू आली, तर ते झाड लागले असे समजायला हरकत नाही.